पाण्याखालचा शोध

कृष्णाकाठी जन्म काढलेल्या माणसाला एक दृश्य कधी ना कधी पाहावे लागते. घाटाच्या पायऱ्यांवर माणसे बसलेली असतात. कुणी बोलत नाही. बायका जरा वर, पिंपळाच्या पाराशी. पात्रात एक-दोन नावा फिरत असतात, आणि नावेतला माणूस दोरीला गळ बांधून तो पाण्यात सोडतो, ओढतो, पुन्हा सोडतो. विहिरीत पडलेली घागर काढायला आपण जो गळ टाकतो, तसाच हा, फक्त मोठा. आणि शोधायची ती घागर नसते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचा चुलता असाच नदीत गेला. मी भूगोलाचा अध्यापक. त्या दिवशी त्या मुलाबरोबर घाटावर बसून होतो, एवढाच माझा या विषयाशी पहिला संबंध. दोन दिवस गळ टाकले. खाली अर्ध्या मैलावरच्या बंधाऱ्यापर्यंत नावा फिरल्या. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा कोळी म्हणाला, "मास्तर, आज वर येईल बघा." आणि तसेच झाले. घाटाच्या समोरच, जिथून तो माणूस दिसेनासा झाला होता तिथून हाकेच्या अंतरावर, देह वर आला. पण गोष्ट तिथे संपली नाही. खांद्यावर एक खोल जखम होती. ती गळाची, की आधीची? कुणी मारून ढकलले की काय? भाऊबंदकीचा जुना वाद होताच. पुढचे दोन महिने त्या घरात चौकशीशिवाय दुसरा विषय नव्हता. जखम मृत्यूनंतरची आहे असा निर्वाळा मिळाला तेव्हा कुठे लोकांची तोंडे बंद झाली.

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. पाण्याच्या तळाशी काय आहे हे वरून, हात न लावता, कळण्याचा काही मार्ग आहे का? तर आहे. त्या शास्त्राचे नाव भूभौतिकी. जमिनीच्या किंवा पाण्याच्या पोटात ध्वनी, वीज, चुंबकत्व, रेडिओलहरी यांच्या साहाय्याने डोकावायचे शास्त्र. सातारा-सांगलीकडच्या माणसाला हे अगदीच परके वाटू नये. बोअर मारण्याआधी शेतात चार सळया ठोकून, वीज सोडून खाली पाणी आहे का ते पाहणारा माणूस आपण पाहिलेला असतो. पाणाड्याच्या काटकीपेक्षा त्याचा हिशोब निराळा, हेही आपल्याला ठाऊक आहे. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप ज्यांनी अनुभवला, त्यांच्या मुलानातवंडांना भूगर्भाची यंत्रे नवी नाहीत. त्याच भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी कराडजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली आहे, आणि तिच्यासाठी २०१७ मध्ये गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. तेच शास्त्र नदीच्या डोहावर न्यायचे, एवढेच आजचे बोलणे आहे.

आता शोध म्हणजे काय ते आधी पाहू. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळचा दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या व इतर वाहने नदीत गेली. ही सावित्री उगम पावते आपल्या महाबळेश्वराला. कृष्णा-कोयना पूर्वेला वळतात आणि ही पश्चिमेला कोकणात उतरते. नौदल, तटरक्षक दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, सगळे कामाला लागले. क्रेनला सुमारे ३०० किलो वजनाचे लोहचुंबक टांगून ते पाण्यात सोडले. मृतदेह वाहत वाहत नदीच्या मुखाकडे आणि पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले. पण गाडी? पहिल्या गाडीचा सांगाडा नौदलाच्या पाणबुड्यांना ११ ऑगस्टला सापडला, तो पुलापासून दोनशे मीटरांच्या आसपास. नऊ दिवस ती तिथेच होती! पाणी गढूळ, ओढ भयंकर, आणि त्यात मगरींची भीती. शोधणाऱ्यांना दोष देण्याचा इथे प्रश्नच नाही. सांगायचे ते एवढेच की जड वस्तू आणि मनुष्यदेह यांचे पाण्यातले मार्ग वेगळे असतात, आणि शोध कुठून सुरू करायचा हे त्यावरून ठरवावे लागते.

चुंबकाचाच विषय निघाला आहे, तर शाळेत शिकवतो तो भाग जरा पुढे नेऊ. टांगलेले चुंबक लोखंडाला जवळजवळ टेकेपर्यंत काही उपयोगाचे नाही. कारण अंतर दुप्पट केले की लहानशा चुंबकाचा दूरवरचा प्रभाव निम्मा नव्हे, चौथाही नव्हे, आठवा हिस्सा उरतो. अंतराचा घन, असे गुरुजी फळ्यावर लिहून दाखवू शकतील. म्हणून शास्त्रज्ञ खेचणारे चुंबक वापरत नाहीत. ते चुंबकमापक वापरतात. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकी क्षेत्र आपल्याकडे चाळीस हजार नॅनोटेस्लाहून थोडे अधिक आहे. तळाशी एखादी मोटारगाडी पडली असली तर दहा मीटरांवरून त्यात काही दशकांचा फरक पडतो, आणि चांगल्या यंत्राला एका नॅनोटेस्लाचाही फरक कळतो. हे यंत्र किती हळवे असते याची एक जुनी गोष्ट आहे. मुंबईत कुलाब्याला चुंबकी वेधशाळा होती. शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले, तेव्हा तिच्या विजेने वेध बिघडतील म्हणून वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला हलवावी लागली. १९०४ पासून तिथे नोंदी होत आहेत.

पण आपल्या भागात चुंबकमापकाला एक मोठा खोडा आहे, आणि तो साहेबांच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून तो झाला. त्या लाव्ह्यात लोहखनिजाचे कण आहेत, आणि लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यात कायमची गोठून राहिली. पुष्कळशा थरांत तर ही दिशा आजच्या नेमकी उलटी आहे! म्हणजे कृष्णेच्या पात्रातला प्रत्येक मोठा धोंडा हा एक लहानमोठा चुंबकच. नदीकाठची वाळू कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवा, काळे कण नाचू लागतील. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. इंग्लंडातल्या चुनखडीच्या किंवा मातीच्या तळ्यात चुंबकमापक जे बिनचूक सांगेल, ते वाईच्या किंवा माहुलीच्या पात्रात सांगेलच असे नाही. तिथे शंभर जागी कल्ला होईल, आणि त्यातला एखादाच लोखंडाचा असेल. खाली सांगलीकडे, जिथे गाळाचा थर जाड आहे, तिथे परिस्थिती जरा बरी.

लोखंड नसलेल्या देहाचे काय? तिथे पहिला मान ध्वनीचा.

डोंगरकपारीत 'ओ' दिली की 'ओ' परत येते. किती वेळाने येते त्यावरून कडा किती लांब ते समजते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, गोड्या पाण्यात १,४८० च्या आसपास, म्हणजे चौपटीहून जास्त. नावेच्या मागे माशाच्या आकाराचे एक यंत्र ओढत न्यायचे. ते डाव्या-उजव्या बाजूंना पंख्यासारखा ध्वनी पसरवते आणि तळावरून परत येणारे प्रतिध्वनी टिपते. याला बाजूदर्शी सोनार म्हणतात. नाव पुढे जाईल तसतसे तळाचे चित्र पडद्यावर उमटत जाते. गढूळ पाण्याची याला फिकीर नाही. अंधाराची नाही.

यातली खरी खुबी प्रतिध्वनीत नसून सावलीत आहे. रात्री अंगणात कंदील जमिनीवर ठेवला की लहानशा खड्याचीही लांब सावली पडते, तसेच हे. वस्तू ध्वनी अडवते, तिच्यामागे तळ मुका राहतो, आणि चित्रात काळी सावली दिसते. मनुष्यदेहात पाण्याचा अंश फार, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी कधी कधी अगदी फिका येतो; पण सावली हातापायांचा आकार सांगून जाते. सावलीवरून उंचीही काढता येते. समजा यंत्र तळापासून ४ मीटर वर आहे. सावली यंत्राखालच्या बिंदूपासून १५ मीटरांवर सुरू झाली आणि २० मीटरांवर संपली. म्हणजे सावली ५ मीटर लांब. मग वस्तूची उंची किती? पाचाला चाराने गुणा, विसाने भागा. १ मीटर. शाळेतले समरूप त्रिकोण. ते कशाला शिकायचे असे विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर द्यायला हरकत नाही.

सोनारलाही अडचणी आहेत, आणि त्या आपल्याकडे ठळक आहेत. कृष्णा आणि पंचगंगेवर जलपर्णीचे गालिचे पसरतात. त्यात नावच चालत नाही, मग यंत्र काय ओढणार? धरणांच्या जलाशयात तळाशी बाभळीची खोडे, जुन्या घरांची जोती, विहिरींचे कठडे असतात. कोयनेच्या शिवसागरात गावेच्या गावे बुडालेली आहेत. सोनारच्या चित्रात त्या सगळ्यांच्या सावल्या येतात. आणि जिथे पाला कुजून गाळात वायूचे बुडबुडे साठले आहेत, तिथे ध्वनी त्या बुडबुड्यांवरच फुटतो, खाली जात नाही. गाळात रुतलेली वस्तू मग दिसत नाही.

अशा वेळी रेडिओलहरी उपयोगी पडतात. भूवेधी रडार नावाचे यंत्र रस्त्याखालचे नळ, जमिनीतल्या पोकळ्या शोधायला वापरतात. ते पाण्यावर चालेल असे पुष्कळांना वाटत नसे. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील अलास्टेअर रफेल यांनी बुडालेल्या एका जलस्कूटरच्या शोधात हे रडार पाण्यावर नेऊन दाखवले. रबरी नावेत यंत्र ठेवायचे आणि नाव हळूहळू वल्हवायची. नाव लोखंडी मात्र नको, नाहीतर सारे मुसळ केरात. हवेत रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, गोड्या पाण्यात त्यांचा वेग नवव्या हिश्शावर येतो. पाण्यातून त्या तळापर्यंत, आणि तळाखालच्या गाळातही थोड्या खोल जातात. बुडबुडे त्यांना फारसे अडवत नाहीत. अर्थात काही मीटर खोलीपर्यंतच हे साधते. धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात हे यंत्र नेऊन उपयोग नाही.

यात 'गोडे' हा शब्द महत्त्वाचा. पाण्यात मीठ आले की वीज त्यातून सहज वाहते आणि रेडिओलहर तिथेच विरते. समुद्राच्या पाण्यात ती वीतभरही धड जात नाही. याचे एक उदाहरण साताऱ्याच्या माणसाशी निगडित आहे, आणि ते सांगताना मन जड होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांची हत्या झाली. पिस्तुले सुटी करून ठाण्याजवळच्या खारेगावच्या खाडीत टाकली असे तपासात पुढे आले, तेव्हा केंद्रीय अन्वेषण विभागाने परदेशी पाणबुडे आणि चुंबकी साधने आणवून त्या खाडीचा तळ धुंडाळला. मार्च २०२० मध्ये एक पिस्तूल हाती लागल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. खाडी खारी, भरती-ओहोटीची, चिखलाने भरलेली. रडारला तिथे थारा नाही, म्हणून चुंबकाची वाट. हाती आलेले शस्त्र तेच का, हे मात्र चुंबक सांगत नाही. ते काम गोळी आणि नळी तपासणाऱ्या तज्ज्ञाचे. पुण्याच्या न्यायालयाने १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना दोषमुक्त केले.

आपल्या नद्या गोड्या, तेव्हा रडारला वाव आहे असे म्हणावे, तर उन्हाळ्यात पात्रात मळीचे पाणी, गावांचे सांडपाणी आणि क्षारपड शेतांचा निचरा उतरतो. असे पाणी वीज जास्त वाहून नेते, आणि रडारची नजर तेवढी अधू होते. काळ्या चिकणमातीचा गाळ तर तिला लवकरच गिळतो. म्हणून यंत्र न्यायच्या आधी एक बाटलीभर पाणी तपासून घेणे शहाणपणाचे.

आता कुणी म्हणेल, मास्तर, आमच्या म्हाताऱ्या कोळ्याला यातले काहीच नको होते, त्याने तिसरा दिवस बरोबर सांगितला. खरे आहे, आणि त्याचे ज्ञान हेही शास्त्रच आहे. देह प्रथम तळाशी जातो. आत वायू तयार झाला की वर येतो. पाणी कोमट असेल तर दोन-तीन दिवसांत, थंड आणि खोल असेल तर फार उशिरा; अडकला, रुतला, किंवा कुणी मुद्दाम वजन बांधून टाकला, तर कधीच नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटली. सहा जण बुडाले. वैशाखाचे पाणी. २३ तारखेला मृतदेह वर आले.

मग थांबावेच का, असा प्रश्न उरतो. नाही थांबवत, हेच खरे. आई पाराशी बसलेली असताना 'दोन दिवस थांबा, आपोआप वर येईल' असे कुणाच्या तोंडून निघेल? माणसे पाण्यात उड्या टाकतात. त्याच मे महिन्यात, २३ तारखेला, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाला शोधायला गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि तीन जवान गेले. शोधणारेच गेले! यंत्रांचे मोल मला इथे वाटते. तळ आधी वरून पाहिला, संशयाच्या पाच जागा काढल्या, बाकीचे पात्र निकालात काढले, तर पाणबुड्याला शंभर ठिकाणी उतरावे लागत नाही, पाच ठिकाणी उतरावे लागते. महाबळेश्वर ट्रेकर्ससारखी मंडळी दऱ्याखोऱ्यांत आणि पाण्यात पदरमोड करून ही कामे करतात. कृष्णाकाठचे कोळी आणि आंबी पिढ्यान् पिढ्या करीत आले. त्यांच्या हाती एखादे साधे सोनार यावे, तालुक्याला नाही तर जिल्ह्याला तरी एक असावे, असे मला वाटते. मासे शोधायला वापरतात तसे लहान यंत्रही तळाचे बरेच काही दाखवते.

पण यंत्र येण्याआधी जे करायचे ते गावाच्याच हाती आहे. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात बोट उलटून सतरा माणसे गेली, तेव्हा कुणाला कशाचे भान होते! तरीही नेहमीच्या दिवशी, माणूस बुडाल्याचे कळताच, ज्याने शेवटचे पाहिले त्याला जागचा हलू देऊ नये. तो उभा होता तिथे काठी रोवावी. त्याला दिसले ते समोरच्या काठावरच्या कोणत्या झाडाच्या रेषेत, ते विचारावे. मग पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला विचारावे. दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. वेळ लिहून ठेवावी. नाही तर संध्याकाळपर्यंत दहा जण दहा जागा दाखवतात, आणि पहिला साक्षीदारसुद्धा इतरांचे ऐकून आपली जागा बदलतो, हे मी स्वतः पाहिले आहे. गळ सर्वांत शेवटी. तळाशी काही सापडले तर वर काढण्याआधी जागेची, खोलीची, कशा स्थितीत आहे त्याची नोंद पंचांसमक्ष व्हावी. कारण बुडालेला माणूस बुडूनच मेला का, हा प्रश्न नंतर उभा राहू शकतो. डॉक्टर हाडातल्या मगजात पाण्यातले सूक्ष्म शेवाळ शोधतात, त्याला डायटम म्हणतात. ते सापडले तर पाणी जिवंतपणी आत गेले असा कल मिळतो. त्यासाठी त्याच जागेच्या पाण्याचा नमुनाही लागतो. बाटली धुतलेली असावी, एवढे बघा.

आणि देह मिळालाच नाही, तर कायदा सात वर्षे थांबायला लावतो. तोवर सातबाऱ्यावर वारस लागणे, विम्याचे पैसे मिळणे, सगळे अधांतरी. घरातल्या बाईने कुंकू लावावे की पुसावे, हेही गावच ठरवू पाहते.

मी सुरुवातीला ज्या विद्यार्थ्याविषयी बोललो, तो आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. चुलता गेला ती जागा म्हणजे वाळू उपशाने पडलेला खड्डा होता, हे त्याला पाणी उतरल्यावर दिसले. वरून पात्र सपाट, घोट्याएवढे पाणी, आणि एका पावलावर एकदम खोल. आता दर उन्हाळ्यात तो गावच्या पात्राचा नकाशा काढतो. काठावर खुंट्या रोवायच्या, दोन काठांमध्ये दोर ताणायचा, आणि जाणत्या कोळ्याच्या नावेतून दर दहा हातांवर दगड बांधलेली दोरी सोडून खोली मोजायची. मुले काठावर बसून आकडे लिहितात. नावेत कुणाला घेत नाही. तो नकाशा शाळेच्या भिंतीवर आहे, त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक पोलीसपाटलांकडे. मागच्या वैशाखात घाटासमोरच्या त्या खड्ड्यात दोरी चौदा हात गेली. आदल्या वर्षी अकरा हात गेली होती.